नेपियरचे हत्ती आणि मकदालाची लूट

'नेपियरने ॲबिसिनिया जिंकला, पण गिळला नाही' असं कौतुक ब्रिटिश लष्करी इतिहासाचे चाहते हमखास करतात. ते खोटंही नाही. ॲबिसिनियाचा (म्हणजे आजच्या इथिओपियाचा) सम्राट तेवोद्रोस याने डांबून ठेवलेले युरोपीय कैदी या ब्रिटिश सेनापतीने 1868 मध्ये सोडवले आणि पावसाळ्याआधी फौज परत बोटींवर चढवली. पण तेवढ्यावर त्याला सभ्य गृहस्थाचं सर्टिफिकेट द्यायला मी तयार नाही.

रॉबर्ट नेपियर तेव्हा मुंबई फौजेचा सरसेनापती होता आणि स्वारीची जुळवाजुळव मुंबईतच झाली. सुमारे 13 हजार सैनिक, झुलाच्या किनाऱ्यावर टाकलेली रेल्वे, तोफा वाहायला 44 हत्ती! बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाच्या युद्धसन्मानांत 'ॲबिसिनिया' आजही आहे. हिंदी पलटणींचा नेहमीचा पगार मात्र हिंदुस्थानच्या तिजोरीतूनच. दादाभाई नवरोजींनी लंडनमध्ये 1867 सालीच यावर कडक आक्षेप घेतला होता. कैदी त्यांचे, इभ्रत त्यांची, पगार आमचा.

मकदालाजवळच्या अरोगेच्या लढाईत सुमारे 700 इथिओपियन मेले. नेपियरच्या बाजूचे दोन. 13 एप्रिलला तेवोद्रोसने स्वतःवर गोळी झाडली, व्हिक्टोरिया राणीने भेट दिलेल्या पिस्तुलातून. तोही काही संत नव्हता. शेवटच्या दिवसांत त्याने स्वतःच्या कैद्यांना कड्यावरून लोटलं होतं.

माझा राग त्यानंतरच्या दिवसांवर आहे. मकदाला या तेवोद्रोसच्या डोंगरी गडावरचं चर्च आणि खजिना लुटला गेला. पोथ्या, मुकुट, तबोट (चर्चच्या गाभाऱ्यातले पवित्र फलक) असा माल 15 हत्ती आणि जवळजवळ 200 खेचरांवर लादला. पुढे पठारावर लिलाव, पैशांची सैनिकांत वाटणी, बोली लावायला ब्रिटिश म्युझियमचा माणूस हजर! गडाला आगही लावली.

'त्या काळी असंच चालायचं' हा बचाव तर मला मुळीच चालत नाही. 1871 मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी संसदेत या लुटीबद्दल खेद व्यक्त केला, आणि या वस्तू परत जाईपर्यंत फक्त सांभाळाव्यात असं खुद्द नेपियरचंच मत असल्याचं सांगितलं. म्हणजे साहेबांना कळत होतं. मग हा लिलाव त्यांच्याच छावणीत कसा झाला?

लंडनमधला नेपियरचा घोड्यावरचा पुतळा खुशाल राहू दे, मला त्याचं काही नाही. तबोट आधी परत करा. म्युझियमच्या क्युरेटरांनासुद्धा ते बघायची मुभा नाही. प्रदर्शनात मांडता येत नाहीत, अभ्यासता येत नाहीत, तरी सोडवत नाहीत! तेवोद्रोसचा मुलगा अलेमायेहू 1879 मध्ये, अठराव्या वर्षी, इंग्लंडमध्येच वारला. त्याचे अवशेष मागितले, तर 2023 मध्ये बकिंगहॅम राजवाड्याने नकार दिला. शेजारच्या कबरींना धक्का लागेल म्हणे.