धड पेटेना, धड मरेना

रात्रीचे पावणेदोन वाजलेत आणि खिडकीसमोरच्या खांबावरच्या दिव्याचा तमाशा पुन्हा सुरू झालाय. आधी मंद गुलाबीसर, मग पिवळा, मग झगझगीत केशरी. खोलीभर उजेड. जरा वेळ जातो आणि फटकन विझतो. डोळा लागतोय न लागतोय तोच परत पेटला! डोकं फिरायची पाळी आलीये.

सगळ्या कॉलनीत एलईडी लागले. मागच्या गल्लीतले पाच सोडियमचे, म्हणजे जुने पिवळे दिवे तेवढे राहिले, कारण म्हणे एलईडीच्या यादीत ते खांबच नाहीत. वॉर्डवाले म्हणतात गल्ली सोसायटीची, सोसायटी म्हणते खांब वॉर्डाचे. मग वीजबिल काय भुतं भरतात? रस्त्यावरचे दिवे एलईडी करायची केंद्राची योजना २०१५ सालची. तेव्हा माझी लेक बालवाडीत होती. आता दहावीला बसलीये, आणि याच खिडकीपाशी पडदा ओढून, वर चादर लावून अभ्यास करते.

वायरमनला खाली गाठलं. म्हणाला, "ताई, बल्ब म्हातारा झालाय." बल्ब जुना झाला की पेटतं राहायला त्याला जास्त व्होल्टेज लागतं, बल्बची वीज सांभाळणाऱ्या चोकला ते झेपत नाही, विझतो. थंड झाला की इग्निटर परत पेटवतो. रात्रभर हेच. मग बदल ना बाबा! तर सोडियमचा माल स्टोअरला येत नाही, आणि एलईडीला वर्क ऑर्डर लागते. निदान काढून तरी टाक म्हटलं, तर त्यालाही ऑर्डर लागते!

वर ग्रुपवर एक रसिक महाशय लिहितात, जुन्या पिवळ्या उजेडाची मजाच वेगळी. या की आमच्याकडे झोपायला! या मजेच्या उजेडात लाल काय नि तपकिरी काय, सगळं एकाच मातकट रंगाचं दिसतं. गेल्या महिन्यात कोणीतरी माझी स्कूटी ठोकून गेलं. वॉचमनला विचारलं गाडी कुठल्या रंगाची, तर म्हणे, "मॅडम, पिवळीच दिसली."

तीनदा तक्रार केली ॲपवर. तिसऱ्यांदा उत्तर आलं: 'निराकरण झाले', सोबत फोटो. फोटो कुठला? गेटपाशच्या नव्या कोऱ्या एलईडीचा! चौथ्यांदा टाकायला गेले, तर ॲप म्हणतं, ही तक्रार आधीच नोंदलेली आहे.