मोजता येईल असे क्रियापद

उच्च शिक्षणातील तंत्रज्ञानाविषयीच्या परिषदेत बोलायचे असेल, तर आधी काही काम केलेले असावे लागते, असा बाहेरच्यांचा एक भाबडा समज असतो. प्रत्यक्षात परिषद पुढच्या वर्षी असते, प्रस्तावाची मुदत या महिन्यात संपते आणि ज्या प्रयोगाविषयी बोलायचे तो पुढच्या सत्रात सुरू व्हायचा असतो; त्यामुळे भविष्यकाळातल्या गोष्टी भूतकाळात लिहिण्याची कला अंगी बाणवावी लागते. माझी अडचण उलटी होती. माझा प्रयोग खरोखरच पूर्ण झाला होता. मूडल या ऑनलाइन अध्यापन-प्रणालीवरच्या गृहपाठाची मुदत जवळ आली की विद्यार्थ्यांना आपोआप स्मरणसंदेश जावा अशी व्यवस्था आम्ही केली, सत्रभर संदेश पाठवले, आणि त्याने काहीही फरक पडला नाही.

असा निष्कर्ष या क्षेत्रात दुर्मीळ असल्यामुळे मला तो मोलाचा वाटत होता. २०१२ हे वर्ष न्यूयॉर्क टाइम्सने ‘मूक’, म्हणजे इंटरनेटवरून सर्वांना खुल्या असलेल्या, अभ्यासक्रमांचे वर्ष ठरवले, तेव्हा विद्यापीठांचे आता कसे होणार या चिंतेने अनेकांची झोप उडाली होती; विद्यापीठे अजूनही आहेत आणि वर्गात प्रोजेक्टरची वायर हलवून पाहत आहेत. अशा वातावरणात कोणीतरी उभे राहून ‘आम्ही करून पाहिले, काही झाले नाही’ असे सांगणे समाजोपयोगी ठरेल, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

अर्जाची समजूत मात्र वेगळी होती. ‘आपल्या उपक्रमामुळे कोणते परिवर्तन घडले?’ या चौकटीत किमान शंभर शब्द अनिवार्य होते आणि ‘कोणतेही नाही’ हे दोनच भरतात. सत्राचा विषय यादीतून निवडायचा होता. यादीत ‘नवोन्मेष’, ‘नेतृत्व’, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ आणि ‘कृत्रिम बुद्धिमत्ता व नेतृत्व’ असे पर्याय होते. न चाललेल्या गोष्टींसाठी ‘इतर’सुद्धा नव्हते. मी नेतृत्व निवडले, कारण संदेश पाठवण्यात पुढाकार आमचाच होता.

खरी परीक्षा पुढे होती. सत्र संपल्यावर श्रोत्यांना काय काय करता येईल, अशा तीन ‘अध्ययन निष्पत्ती’ लिहायच्या, आणि प्रत्येकीची सुरुवात मोजता येईल अशा क्रियापदाने करायची. ‘समजेल’ चालणार नाही, असे तांबड्या अक्षरांत बजावले होते, कारण समजणे मोजता येत नाही. सोबत संदर्भासाठी बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली मांडलेल्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणाची, २००१ मध्ये सुधारलेली, रंगीत आकृती जोडली होती. त्या आकृतीत स्मरणाच्या लगेच वरची पायरी ‘समजणे’ हीच आहे. ज्या पायरीवर पाय ठेवायला बंदी, तिच्यावरूनच वर जायचे होते. शेवटी माझे श्रोते स्मरणसंदेशांचे ‘विश्लेषण करतील’, त्यांच्या परिणामकारकतेचे ‘मूल्यमापन करतील’ आणि स्वतःच्या संस्थेसाठी धोरण ‘निर्माण करतील’ असे मी लिहून दिले. हे सारे वीस मिनिटांत, त्यातली पाच प्रश्नोत्तरांची, आणि वेळ जेवणानंतरची असण्याची दाट शक्यता.

परीक्षण निनावी असल्यामुळे संस्थेची ओळख पटेल असे काहीही लिहू नये, अशी सूचना होती; तिच्याच खालच्या चौकटीत ‘आपल्या संस्थेची पार्श्वभूमी सविस्तर लिहा’ असे होते. मी ‘एक विद्यापीठ’ असे सविस्तर लिहिले. वक्त्याचा परिचय तृतीयपुरुषी हवा होता, तो लिहिताना या गृहस्थांविषयी मला हळूहळू आदर वाटू लागला. सारांशाच्या मर्यादेत मोकळ्या जागाही मोजल्या जात असल्याने कोपऱ्यातला आकडा उणे चौदावर लाल होऊन बसला, तेव्हा मी ‘सखोल’, ‘व्यापक’ आणि ‘सर्वसमावेशक’ हे शब्द काढले. अर्थाला धक्का लागला नाही. मसुदा जतन करण्याचे बटणही होते, फक्त सगळ्या चौकटी भरल्याशिवाय ते चालत नव्हते. तंत्रज्ञानाच्या परिषदेचा अर्ज असल्याने मी सगळा मजकूर आधी वहीत लिहून काढला होता.

मुदत रात्री ११ वाजून ५९ मिनिटांची होती, पण ‘पृथ्वीवर कुठेही’ या हिशेबाने. म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या बारा तास मागे असलेल्या पट्ट्यात जोवर तो दिवस मावळत नाही, तोवर मुदत जिवंत. त्या पट्ट्यात बेकर आणि हाउलंड ही दोन बेटे आहेत, तिथे मनुष्यवस्ती नाही, समुद्रपक्षी आहेत. जगभरची प्राध्यापक मंडळी त्या पक्ष्यांच्या घड्याळावर डोळा ठेवून रात्र जागवतात. उजाडता उजाडता आयोजकांचे पत्र येते की लोकाग्रहास्तव मुदत वाढवली आहे.

यथावकाश परीक्षकांचे अभिप्राय आले. पहिल्याला प्रस्ताव फार तात्त्विक वाटला. दुसऱ्याला त्यात तत्त्वाचा लवलेश आढळला नाही. तिसऱ्याने निष्कर्षाला हातही न लावता, यात कृत्रिम बुद्धिमत्ता कुठे आहे, एवढेच विचारले होते आणि गुण मात्र सर्वांत जास्त दिले होते. तिघांची सरासरी काढून माझे व्याख्यान ‘भित्तिपत्रक’ म्हणून स्वीकारण्यात आले. वक्त्यांनाही नोंदणीशुल्क पूर्ण भरावे लागेल, हे अभिनंदनाच्या परिच्छेदातच सांगितले होते.

भित्तिपत्रकाचा आकार ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, उभा. वरच्या पट्टीत परिषदेचे बोधचिन्ह आणि शीर्षक, मध्ये तिन्ही अध्ययन निष्पत्ती ठळक टंकात, उजवीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीची चौकट, ती तिसऱ्या परीक्षकासाठी. एवढे झाल्यावर ‘काहीही फरक पडला नाही’ या वाक्याला खालच्या डाव्या कोपऱ्यात ऐसपैस जागा मिळत होती, पण ती प्रायोजकांसाठी राखीव असल्याचे नमुन्यात दिले आहे.