धूर दिसला की उडी मारा म्हणे!

"रेल्वेप्रवासातली पाच सत्यं जी सरकार तुम्हाला सांगणार नाही" असं एक फॉरवर्ड चवथीच्या तोंडावर डिचोलीपासून काणकोणपर्यंत सगळ्या ग्रुपांवर फिरतंय. दुर्लक्ष केलं असतं, पण परवा आते फोनवर म्हणाली, "थिवीहून दादरचं तिकीट काढशील ना, तर दाराजवळची सीट बघ हां, धूर दिसला तर उडी मारायला बरं." आतेचे दोन्ही गुडघे ऑपरेशनचे. म्हणून हे लिहितोय.

फॉरवर्डमधलं चौथं सत्य आधी घेतो. बाकीची अर्धवट आहेत, हे जीव घेणारं आहे. "गाडी अचानक थांबली आणि धूर दिसला तर कोणाची वाट न बघता साखळी ओढा आणि मिळेल त्या बाजूने उड्या मारा." हे लिहिणाऱ्याला २२ जानेवारी २०२५ आठवत नाही का? जळगाव जिल्ह्यात परधाडेजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची बोंब उठली, कोणीतरी साखळी ओढली, लोक दिसेल त्या बाजूने खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. डझनभर माणसं गेली, आणि डब्यात आग नव्हतीच! गाडीत बसून राहिले असते तर सुखरूप घरी पोचले असते.

चाकापाशी धूर किंवा ठिणग्या दिसल्या तर बऱ्याचदा ब्रेक चिकटून तापलेला असतो. खरंच डब्यात आग असेल तर आतल्या आत शेजारच्या डब्यात सरका, साखळी ओढायची ती अशा वेळीच, टीसीला सांगा, १३९ लावा, आणि उतरावंच लागलं तर गाडी पूर्ण थांबल्यावर, शेजारचा रूळ नाही त्या बाजूने. कोणी म्हणेल कोकण रेल्वे तर बरीचशी सिंगल लाईन, इथे कुठली दुसरी गाडी येते. बरं. मग रत्नागिरीकडच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात किंवा पानवलच्या चौसष्ट मीटर उंच पुलावर गाडी थांबली तर उडी मारून जाणार कुठे, तेवढं सांगा.

पहिलं सत्य, "कवच लावलं की अपघात शून्य, मुद्दाम लावत नाहीत." कवच म्हणजे गाड्यांची टक्कर टाळायला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा. ते फार हळू लागतंय हे खरं, त्यात वाद नाही, आणि जास्त राग याचा की टक्कर रोखणारं यंत्र आमच्याच कोकण रेल्वेने वीसएक वर्षांपूर्वी बनवून दाखवलं होतं. पण कवच लाल सिग्नल तोडणारी गाडी थांबवतं, तुटलेला रूळ जोडत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये आमची वास्को-पाटणा एक्स्प्रेस उत्तर प्रदेशात माणिकपूरजवळ घसरली, तिथे समोरून कोण येत होतं? ओडिशात बालासोरला २ जून २०२३ ला तर सिग्नलच्या वायरिंगच्या कामातच चूक होती, कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाईनचा हिरवा आणि रूळ वळवणारा पॉइंट बाजूच्या लूप लाईनकडे, जिथे मालगाडी उभी होती. सिग्नलच खोटं बोलत असेल तर कवच काय करणार.

सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा गाड्या घसरण्याबद्दलचा रिपोर्ट डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत ठेवला, तो वाचा. २०१७-१८ ते २०२०-२१ या चार वर्षांत २१७ मोठे अपघात, त्यातले १६३ गाडी घसरण्याचे. म्हणजे चारातले तीन. आणि घसरण्याच्या कारणांत रुळांची देखभाल वरच्या नंबरावर. ती गँगमन, ट्रॅक मशीन आणि दुरुस्तीसाठी गाड्या थांबवून वेळेवर दिलेले ब्लॉक यांची गोष्ट आहे, पण त्याचा फॉरवर्ड कोण करणार.

दुसरं सत्य, सेफ्टीच्या फंडातून फूट मसाजर घेतले. हे मात्र, काय करणार, खरं आहे. त्याच कॅग रिपोर्टात आहे, क्रॉकरीसुद्धा आहे. पण त्याला जोडून "अपघात दरवर्षी वाढतायत" हे कुठून आणलं? रेल्वेच्याच आकड्यांत २०१४-१५ ला १३५ होते, २०२४-२५ ला ३१. रेल्वे मोजताना काय काय सोडते यावर भांडा की, पण वाढतायत म्हणू नका.

तिसरं, "कोकण रेल्वे पावसात मुद्दाम गाड्या रखडवते." हे गोव्यात राहून लिहिलं असेल तर कमाल आहे. जून २००३ ला वैभववाडीला रुळावर दरड आली, गाडी घसरली, पन्नासच्या वर माणसं मेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस दगडांवर आपटून पुलावरून खाली. मुसळधार पावसात दिसेनासं झालं की ताशी चाळीसने चालवायचं, पावसाळ्याचं वेगळं टाइमटेबल आणि रात्रभर रुळांवर गस्त, हे सगळं उगीच नाही. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं तेव्हा गाड्या थांबवल्या, वळवल्या, लोकांनी शिव्या घातल्या. माणूस एक गेला नाही.

पाचवं, शेवटचा डबा सगळ्यात सेफ. जून २०२४ मध्ये कांचनजंगा एक्स्प्रेसला मालगाडी मागूनच धडकली. बालासोरला कोरोमंडल पुढून आपटली. कन्फर्म सीट मिळेल तिथे बसा.