आत्याच्या गोळ्या बंद करणारा तो मेसेज

ठाण्याला कोपरीत आत्याकडे गेलो, तर औषधांच्या डब्यात प्राझोसिनची, म्हणजे तिच्या गाठीच्या ऑपरेशनआधी घ्यायच्या गोळ्यांची, पट्टी तशीच पडलेली. चारच गोळ्या फोडलेल्या. "बंद केल्या रे. भिशीच्या ग्रुपवर आलंय, वाच." वाचलं. दुर्बिणीच्या ऑपरेशनात अ‍ॅड्रिनलची (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची) गाठ अर्धी आतच राहते, पोटात भरलेला गॅस हृदयात जातो, आधीच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या फक्त बिल फुगवायला, म्हणून पोट उघडूनच करून घ्या.

गोळ्यांचं आधी बोलतो, कारण त्या बंद केल्या तर माणूस जाऊ शकतो. आत्याची गाठ फिओक्रोमोसायटोमा आहे. ती अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्यं रक्तात सोडते. आत्याला बसल्या जागी दरदरून घाम फुटायचा, छाती धडधडायची, ते यामुळेच. ऑपरेशनमध्ये गाठीला हात लागला की ही द्रव्यं एकदम सुटतात, बीपी क्षणात २०० च्या वर जाऊ शकतं. गाठ निघाली की तेच बीपी कोसळतं. आधी गोळ्यांनी रक्तवाहिन्या सैल केलेल्या असतील तरच शरीर हे सोसतं. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीच्या (हॉर्मोनतज्ज्ञांच्या संघटनेच्या) २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत ७ ते १४ दिवस आधीपासून ही औषधं द्या, असं स्पष्ट म्हटलंय. दुर्बिणीतून करा नाहीतर पोट उघडून, गोळ्या लागतातच!

गाठ आत राहते म्हणे. अहो, अख्खी ग्रंथी गाठीसकट सोडवून, पिशवीत घालून बाहेर काढतात. ग्रंथी मूत्रपिंडाच्या डोक्यावर, खोल बरगड्यांखाली. तिथे हात पोचवायला मोठा छेद घ्यावा लागतो, दुर्बीण मात्र छोट्या भोकांतून पोचते. कॅनडाचे सर्जन मिशेल गान्ये यांनी १९९२ मध्येच अशा शस्त्रक्रिया प्रसिद्ध केल्या, त्यात फिओक्रोमोसायटोमाही होता.

गॅस कार्बन डायऑक्साइडचा असतो. शेवटी सोडून देतात, उरलेला रक्तात विरघळून श्वासावाटे जातो. एकदोन दिवस खांदा दुखतो, तेवढं खरं.

आणखी एक मान्य करतो. गाठ ६ सेंटिमीटरपेक्षा मोठी असली किंवा आजूबाजूला घुसलेली असली, तर पोट उघडणंच बरं, हे त्याच सूचनांत आहे. रक्तस्राव झाला तर दुर्बिणीचं ऑपरेशनही मध्येच उघडं करावं लागतं. पण आत्याची गाठ ४ सेंटिमीटरची आहे, आणि मेसेजमध्ये आकाराचा उल्लेखसुद्धा नाही.

तिच्यासमोरच सर्जनना फोन लावला. तारीख पुढे गेली. खंड पडल्यावर आधीचाच डोस स्वतःहून घ्यायचा नाही, चक्कर येऊन पडायला होतं, म्हणून पुन्हा छोट्या डोसपासून सुरुवात. हे सगळं आता भिशीच्या ग्रुपवरही टाकतोय.