कानामागचं इंजिन

माझ्या गाडीचं इंजिन माझ्या मानेपासून हातभर अंतरावर आहे. मध्ये एक पत्रा, त्यावर आधीच्या कुणा मालकानं चिकटवलेला फोम आणि एक छोटीशी काच. आरशात मागचा रस्ता पट्टीएवढा दिसतो, बाकी सगळं इंजिनाचं झाकण.

गाडी जुनी घेतलेली. माझ्याआधी तिचे तीन मालक झाले आणि तिघांनीही ती ‘कुटुंब वाढलं’ म्हणून विकली, असं मला सांगण्यात आलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दोनच सीटची गाडी, मूल झालं की विकणारच. मला तेव्हाच एक मुलगी होती. हे गणित बायकोनं जागच्या जागी सोडवलं, मला दोन वर्षं लागली.

गाडीचं नाव सांगत नाही. उगाच बदनामी नको, आणि कधीतरी मलाही ती विकायची आहे.

इंजिन सीटच्या मागे पण मागच्या चाकांच्या पुढे ठेवायचं, ही कल्पना काही वेडगळ नाही. १९५९ साली जॅक ब्रॅबहॅमनं अशाच कूपर गाडीतून फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद मिळवलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत नाकात इंजिन असलेल्या गाड्या तिथून जवळजवळ हद्दपार झाल्या. १९६६ मध्ये लॅम्बॉर्गिनीनं मिउरा आणली, तिच्यात तर बारा सिलिंडरचं धूड ड्रायव्हरच्या पाठीशी आडवं टाकलेलं. सगळ्यात जड वस्तू गाडीच्या पोटाशी असली की गाडी चटकन वळते, इतका साधा हिशेब. ती कुणाच्या मर्जीनं वळेल, हे त्या हिशेबात धरलेलं नसतं.

मला ते एका ओल्या वळणावर कळलं. वेग फार नव्हता, पण वळणाच्या मध्यावर वाटलं की जरा जास्तच होतंय. म्हणून कुठलाही समजूतदार माणूस करेल तेच केलं, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. अशा गाडीत नेमकं तेच करायचं नसतं. पाय उचलला की भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात, आणि पाठीमागचं धूड ‘सरका, मीच पुढे होतो’ म्हणत निघतं. डोळ्याचं पातं लवेपर्यंत मी आलो त्याच रस्त्याकडे तोंड करून उभा होतो. इंजिन बंद, वायपर चालू. मागून येणारे, म्हणजे आता समोरून येणारे, एक गृहस्थ थांबले. काच खाली करून अगदी काळजीनं म्हणाले, “काही विसरलात का घरी?”

मी हो म्हणालो.

गाडीला दोन डिक्या आहेत, हे मी घरी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. पुढच्या डिकीत स्टेपनी आहे आणि स्टेपनीभोवती जी काय उरते ती जागा. मागची चांगली खोल, पण इंजिनाला खेटून. एकदा मुलीची मेणाच्या खडूंची पेटी तिथे टाकली. घरी येऊन उघडली तर सगळ्यांचा मिळून एकच लगदा, कडेनं जांभळा ओघळ. मुलीनं खडूंवरचे कागद सोलून मोजले. अकरा.

“बारावा कुठाय?”

“विरघळला असेल.”

“कागद कसा विरघळेल? निळा नाहीच आहे यात.”

मी विषय बदलला.

स्पार्क प्लग सहा आहेत. त्यातले तीन दिसतात. उरलेले तीन सीटकडच्या बाजूला आहेत असं मेकॅनिक म्हणतो, मी श्रद्धेनं मान डोलावतो. तो खांद्यापर्यंत हात आत घालतो आणि डोळे मिटतो, कारण उघडे ठेवून उपयोग नसतो. हात बाहेर येतो तेव्हा पेरांवरचं थोडं कातडं आतच राहिलेलं असतं. बिलात ते दिसतं.

पण खरा छळ आवाजाचा. इतर गाड्यांत इंजिन बोनेटखाली आपलं आपण काहीतरी पुटपुटत असतं. इथे ते थेट कानाशी लागतं. ‘कानामागून आली आणि तिखट झाली’ ही म्हण अशाच एखाद्या गाडीच्या मालकाला सुचली असणार. टॅपेटची टकटक, पट्ट्याची चिरचिर, हीट शील्डची झिणझिण, सगळं मला आता झोपेतही ओळखता येतं. एकदा बायको शेजारी बसून काही सांगत होती आणि मी बोट वर करून “शू!” म्हणालो. एकदाच म्हणालो.

मध्यंतरी एक नवा आवाज सुरू झाला. डावीकडे वळलं की ‘टुक’, उजवीकडे वळलं की किंचित उशिरा ‘टुक’. सरळ रस्त्यावर चिडीचूप. मेकॅनिकनं सस्पेन्शनचे बुश पाहिले, बॉल जॉइंट पाहिले, शेवटी इंजिन माउंट बदलले. “आता वाजायचं नाही, साहेब.” गॅरेजच्या फाटकातून डावीकडे वळलो. टुक.

चौथ्या खेपेनंतर मुलगी शेजारी होती. वळणावर टुक झालं आणि मी नेहमीप्रमाणे मान ताठ करून श्वास रोखला. गाडी दारात उभी राहिल्यावर ती वाकली, सीटखाली हात घातला आणि सीट सरकते त्या रुळाच्या फटीतून एक खडू ओढून काढला.

निळा. कागदासकट.

“मी म्हटलं नव्हतं?” ती म्हणाली.

आता टुक होत नाही. त्यामुळे इतके दिवस त्याच्याआड दडलेला, ओली दोरी पिळल्यासारखा एक बारीक आवाज स्पष्ट ऐकू यायला लागलाय. चौथ्या गिअरला येतो. मुलीला विचारून पाहिलं. तिचं म्हणणं, तिचं आता काहीच हरवलेलं नाही.