यिर्मया २९:११ चा मग

आज एका चर्चमध्ये गेले होते, नाव नाही घेत, उगाच कमेंटमध्ये भांडणं सुरू होतील. चाळीस मिनिटं उपदेश, मागे स्क्रीनवर उगवता सूर्य अन् बायबलमधलं एकच वचन, यिर्मया २९:११. देवाकडे तुझ्यासाठी योजना आहे, म्हणजे प्रमोशन येतंय, व्हिसा येतोय, शेजाऱ्याकडे वळून म्हणा "माझी वेळ आली!" मी वळले, शेजारचे काका घोरत होते. निघताना प्रत्येकाच्या हातात तेच वचन छापलेला मग.

बाबांचं काम सुटलं होतं तेव्हा मी हेच वचन स्केचपेनने लिहून कपाटाला चिकटवलं होतं. आजीने चष्मा लावून वाचलं अन् म्हणे, "वरची ओळ काहून गाळली गं?"

वरच्या ओळीत सत्तर वर्षं आहेत हो! बाबेलला (बॅबिलॉनला) धरून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेलं पत्र आहे ते. घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, इतक्यात सुटका नाही. अन् त्याच्या आधीच्याच अध्यायात तो हनन्या, दोन वर्षांत सगळं परत मिळेल सांगत फिरणारा, खोटा संदेष्टा निघतो. मग आज स्टेजवर माइक घेऊन कोण उभं होतं, तुम्हीच सांगा!!

आमच्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या वळणाच्या, उपासनेत रविवारचे पाठ ठरलेले असतात, जुना करार, स्तोत्र, पत्र, शुभवर्तमान, पाळकाला आवडो न आवडो. इंग्लंडच्या आर्चबिशप क्रॅन्मरच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात तर दीडशेच्या दीडशे स्तोत्रं महिन्याभरात वाचून व्हायची, त्यातली रडणारी अन् देवाशी भांडणारीसुद्धा. चौथी शिकलेल्या आजीला वरची ओळ माहीत होती ती असं ऐकून ऐकूनच.

बरं, आमच्याकडे तरुण पोरं दिसत नाहीत अन् तिकडे खुर्च्या पुरत नाहीत, मान्य. ड्रम्सचाही राग नाही, रेव्हरंड टिळकांच्या भजनांवर टाळ कुटतच मोठे झालो आपण. आणि सहा चर्च एकत्र येऊन १९७० ला आमचं सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झालं ते याच नागपुरात, त्यामुळे आमचंच खरं म्हणायला मला तोंड नाही.

पण आजीने तो कागद फाडला नव्हता हो. पेन्सिलने कोपऱ्यात ७० लिहिलं अन् पोळ्या करायला गेली. बाबांना काम मिळायला तीन वर्षं लागली, कागद तिथंच होता.

चर्चमधला तो मग घरी आणलाय. दांडीजवळ मार्करने ७० लिहिलंय, धुतल्यावर जाईल बहुतेक.