हरवलेले 'नाही'

"हे जादा काम मला या महिन्यात जमणार नाही," असे मी व्हिडिओ बैठकीत अगदी स्वच्छ शब्दांत सांगितले आणि त्यातले 'नाही' तेवढे आमच्या वाय-फायने गिळले. साहेब प्रसन्न झाले, काम माझ्या नावावर पडले, आणि माझा निषेध पोहोचेपर्यंत त्यांचा चौकोन पडद्यावरून नाहीसा झाला होता.

इंटरनेटवरून जाणाऱ्या आवाजाचे साधारणपणे वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात. म्हणजे माझ्या संथ लयीतल्या एका 'नाही'चे वीसेक तुकडे झाले असतील. उशिरा आलेली फाइल ही फाइलच असते, परंतु उशिरा आलेला आवाजाचा तुकडा ऐकवण्याची वेळ टळून गेलेली असल्यामुळे तो सरळ फेकून दिला जातो. नेमक्या त्याच क्षणी सौभाग्यवतींचा फोन दहा वर्षांचे फोटो वर चढवत होता आणि चिरंजीवांचा खेळ स्वतःची नवी आवृत्ती उतरवून घेत होता.

मी तिरीमिरीत रूटरची सेटिंग उघडली. तिथे 'डब्ल्यूएमएम' नावाचे काहीतरी चालू दिसले. न विचारता चालू असलेल्या गोष्टीविषयी मला उपजतच संशय असल्यामुळे मी ते बंद केले. त्यासरशी घरातला कमाल वेग ५४ मेगाबिटांवर आला, कारण त्यापुढचे वेग याच सोयीला बांधलेले असतात, हे ज्ञान मला चिरंजीवांच्या आरोळीनंतर झाले.

ते मुकाट्याने पुन्हा चालू करून मी वाचायला बसलो, तेव्हा ती वाय-फायवर आवाज-व्हिडिओला आधी वाट देणारी सोय निघाली. तिच्यामागच्या २००५ च्या ८०२.११ई या वाय-फाय मानकाने आवाज, व्हिडिओ, सामान्य आणि पार्श्वभूमी अशा चार रांगा आखून दिल्या आहेत. हवेत वाहतूक पोलीस नसल्यामुळे प्रत्येक उपकरण मनाशी एक आकडा धरते आणि तेवढे थांबून बोलते. सामान्यांना सुरुवातीला ० ते १५ मधला आकडा मिळतो, आवाजाला मात्र ० ते ३ मधलाच. थोडक्यात, सोडतच, पण वशिल्याची!

माझ्या 'नाही'वर वशिल्याची चिठ्ठीच, म्हणजे प्रत्येक तुकड्यावर लावायचा अग्रक्रमाचा आकडाच, नव्हती. मी खटपट करून आवाजासाठीची ४६ क्रमांकाची चिठ्ठी लावली, तर लॅपटॉपने तिचे पहिले तीन बिट तेवढे वाचले, त्यांचा अर्थ पाच असा लावला आणि मला व्हिडिओच्या रांगेत उभे केले. ४६ ला आवाजाच्याच रांगेत धाडावे, अशी शिफारस आरएफसी ८३२५ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने २०१८ मध्येच केलेली आहे. ती माझ्या लॅपटॉपच्या वाचनात आलेली नसावी. असो, व्हिडिओच्या रांगेतला ० ते ७ मधला आकडा हीसुद्धा बढतीच होती.

पुढच्या बैठकीत मी "नाही" म्हणालो आणि ते घराबाहेर अखंड पडले. साहेबांचा चेहरा मात्र तोंड अर्धवट उघडलेल्या अवस्थेत गोठला. त्यांच्या घरी त्या वेळी कोण काय उतरवून घेत होते, कोणास ठाऊक.